यॉनसिलचं कपाट आणि मा काकांचा डबा

…तर काल इथवर आलो होतो, की संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या यॉनसिलनं तिथल्या कॉम्प्युटरवर समुद्रात खायचं शेवाळ पिकवणाऱ्या सगळ्या शेवाळवाल्यांसाठी कपाट केलं. लाकडाचं नव्हे हो, प्रोग्रॅमचं. आमच्या बेटावर सहीऐवजी ज्याचा त्याचा शिक्का उठवायची पद्धत, पण आता शिक्क्यानं भागत नाही. प्रत्येकाचं डिजिटल प्रमाणपत्र लागतं, तीच कॉम्प्युटरवरची सही, आणि ती राहते या कपाटात. आधी त्या प्रोग्रॅमनं घोळ घातला होता. नवा सभासद आला की जुनं कपाट पुसून कोरं मांडायचा. मग तिनं त्याला शिकवलं: जुनं असेल तर तेच उघड, नसेल तरच नवं कर. ज्याचा त्याचा कप्पा, ज्याचा त्याचा पासवर्ड.

पण आमच्या लोकांची खोड जाते कुठं? पूर्वी सगळ्यांचे शिक्के गावप्रमुख मा काकांच्या बिस्किटाच्या डब्यात असायचे, उठवायचेही तेच. पासवर्डची वेळ आली तशी बुन्नाम आजी म्हणाली, "गावप्रमुखाला सांग, तोच ठेवेल काहीतरी." बाकीच्यांनीही तेच केलं.

आणि आजीच्या समुद्रातल्या शेवाळाच्या पट्ट्याचा परवाना ज्या संध्याकाळी संपणार होता, नेमके त्याच दिवशी काका खोल समुद्रात. फोन लागेना. परवाना वाढवायच्या अर्जावर सही नाही झाली तर पट्टा दुसऱ्याच्या घशात.

"कपाट तू केलंस ना? मग उघड की," आजी म्हणाली.

"मला नाही उघडता येत, आजी."

"म्हणजे सुतारानं दार केलं नि स्वतःच बाहेर राहिला?"

"बाहेर राहावं म्हणूनच तसं केलंय. ओळखपत्र घ्या, बँकेत जाऊ. प्रमाणपत्रं तीच देते, नवं काढू."

परत आल्यावर यॉनसिलनं आजीचा जुना कप्पा काढला, इतरांना धक्का न लावता नवा बसवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजी एका बोटानं नव्या पासवर्डची अक्षरं शोधत बसली.

"चोरून बघतेस ना?"

"भिंतीला पोपडे आलेत, ते बघतेय."

सही होऊन अर्ज गेला. पट्टा वाचला. आजीनं भाजलेलं शेवाळ वाटत ही गोष्ट दारोदार सांगितली. काका परतले, तर जो तो त्यांना धरून संस्थेत आणतोय, जुना पासवर्ड टाकायला लावतोय आणि नवा स्वतः ठेवतोय.

शेवटी काका रिकामा डबा काखोटीला मारून यॉनसिलपुढं बसले. "म्हातारं माणूस, उद्या विसरेल. आजीचा पासवर्ड तेवढा मला सांगून ठेव. जपून ठेवतो."

यॉनसिल म्हणाली, "काका, मला तो माहीत असता तर हे कपाट नसतं, तुमचाच डबा असता."