माकडांचा एक्स-रे आणि ताईचा खोकला

मी जनावरांची डॉक्टर. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि नोकरीला दूरच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथं माकडांना आधी क्षयाचे जंतू देत, मग एचआयव्हीच्या जातीचाच माकडांचा विषाणू. फुफ्फुसात निपचित पडलेला क्षय त्या विषाणूमुळं कसा उठतो, आणि कोणत्या गोळ्यांनी तो आधीच थोपवता येतो, हे आम्ही पाहत होतो. एखाद्या माकडानं केळं अर्धं टाकलं तरी मला बोलावणं यायचं. खोकलं, की एक्स-रे.

मागच्या हिवाळ्यात सुटीवर आले तेव्हा कोरपना गावची माझी मावसबहीण, ताई, दवाखान्यात असल्याचं आईनं सांगितलं. ताईचा नवरा सिमेंटच्या ट्रकवर होता. तो आजारी पडून वारला, तेव्हाच तिलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. तिनं गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. दर खेपेला एसटीनं दवाखान्यात जाऊन आणायची.

वॉर्डात ती सापडलीच नाही. व्हरांड्याच्या टोकाला, संडासाला लागून, एका खाटेवर पडली होती. नुसती हाडं.

"कवापासून खोकून राह्यली, ताई?"

"कापूस वेचाच्या आधीपासून. दर खेपेले सांगितलं. ते म्हणे थंडीनं होते. पातळ औषध देत."

घरात कोसळली तेव्हा कुठं कुणी तिचा बेडका तपासला, आणि क्षय निघाला. तो होऊच नये म्हणून द्यायच्या गोळ्या तिला कधी मिळाल्या नव्हत्या. का, म्हणून विचारलं, तर ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "वरून आल्याच नाहीत. आणि दोन्ही रोग आहेत हो तिला. आता काय उरलं?"

माझ्या अंगाची आग झाली. "आमच्याकडं माकड खोकलं तरी एक्स-रे होतो. बाईले काऊन नाई झाला?"

"आवाज खाली करा, मॅडम."

मी केला नाही. ताईची खाट आत, क्षयाच्या खोलीत खिडकीपाशी लागेपर्यंत आणि क्षयाच्या पहिल्या गोळ्या तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "त्या माकडाईचं मंग काय होते?"

"शेवटी मारतात. फुफ्फुस पाहावं लागते."

ती कोपरावर उठून बसली. "आमच्यासाठी त्याईचा जीव घेता, अन् औषध कोरपन्यापर्यंत येत नाई? मंग मारता काऊन?"



ताई वाचली. उन्हाळ्यात पुन्हा शिलाई मशिनीवर बसली. सासू म्हणते, कोणाले सांगू नको. ती ऐकत नाही. गोळ्यांच्या रांगेत कुणी बाई खोकली, की हात धरून तिला एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेते आणि दार वाजवते.

प्रयोगशाळेतल्या बैठकीत मी विचारलं, आपण माकडांवर तपासलेल्या गोळ्या पुढं पोचतात कुणापर्यंत? साहेब म्हणाले, तो आपला विषय नाही. मी प्रत्येक बैठकीत विचारते. त्यांना राग येतो. येऊ दे.