मागच्या सीटचं माप

आमच्या घरात दोन महिने एकच वाद चालला होता. गाडीला पेट्या लावायच्या की पिशव्या? गाडी म्हणजे मोटारसायकल. पोरीचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि पन्नाशीला टेकल्यावर आमच्या ह्यांनी एक धिप्पाड जुनी मोटारसायकल घेतली. हे उधन्याला लूम्सच्या खात्यात मास्टर आहेत, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारे. दिवाळीत खाती बंद होतात, अर्धी सुरत आपापल्या गावाला पळते. त्या सुट्टीत ह्यांनी आणि तिघा मित्रांनी ठरवलं, गाड्या काढायच्या, कोकणात उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं. आठ दिवस.

चार गाड्या, म्हणून मी माणसं आठ धरली होती.

का धरली तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईला हौस भारी. लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा ह्यांच्याकडे एक लहान मोटारसायकल होती. वर्षातून दोनदा आम्ही तिच्यावरून गावाला, खानदेशात जायचो, सोनगड-नवापूरच्या रस्त्याने. हे पुढे. मागे मी, माझ्या मांडीवर गाठोडं, एका खांद्याला पिशवी, मधे पोरगी. गावाला जाणाऱ्याच्या हातात शेजारीपाजारी काहीबाही देतातच. कुणाच्या आईची साडी, कुणाच्या भाच्याचे कपडे, औषधं. ते सगळं माझ्या मांडीवर. एवढी वर्षं त्या गाडीची डिकी मीच होते. पाय बधिर व्हायचे, मान अवघडायची. एकदा नवापूरजवळ चहाला थांबलो आणि मला गाडीवरून उतरताच येईना. तेव्हा ह्यांनी स्वतः म्हटलं होतं, "पोरनं लगन व्हई जाऊ दे, मंग आपन दोन्ही जाऊत. काही सामान नको, काही नको. समुद्र पाहाले जाऊत." मनातलं बोलताना आमच्या तोंडी अहिराणीच येते. समुद्र मी सुरतेजवळचा, डुमसचा पाहिलाय. काळी वाळू, मातकट पाणी आणि भजीची दुकानं. कोकणातला निळा समुद्र मला बघायचा होता. अठरा वर्षं मी ते वाक्य धरून बसले. हसा खुशाल.

तर वाद. रविवारी मित्र यायचे, मी चहा टाकायचे आणि चौघं जमिनीवर मांडी घालून बसायचे. एकाने आपल्या गाडीला ॲल्युमिनियमच्या पेट्या आधीच लावल्या होत्या. तो म्हणायचा, पेटीला कुलूप लागतं, पावसाचा थेंब आत जात नाही, हॉटेलात शिरताना सामान बाहेर राहिलं तरी जीव टांगणीला लागत नाही. आमचे हे म्हणायचे, पेटी जड, तिच्यासाठी गाडीला लोखंडी चौकट ठोकावी लागते, गाडीची रुंदी वाढते, ट्रकच्या शेजारून काढताना घासते. आणि गाडी पडली तर पाय पेटीखाली सापडतो. पिशवी मऊ. पडली तर पडली. घरी आलं की पट्टे सोडले, गाडी पुन्हा मोकळी.

मला यातलं कळत होतं. मी वीस वर्षं घरी बसून शिवते. शाळेची दप्तरं, टेम्पोच्या सीटची कव्हरं, रेक्झिनच्या पिशव्या, सगळं. म्हणून मीही तोंड घालायचे. एकदा चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, "पेट्याच बऱ्या. त्या बाजूला लागतात, मग मागची सीट मोकळी राहते." ह्यांनी बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, "पेट्या जड असतात."

आता वाटतं, तिथेच कपबशी आपटून विचारायला हवं होतं. पण मी कपाळकरंटी, मला वाटलं सामानाचंच चाललंय.

मग हे एका मित्राने बाजारातून घेतलेली पिशवी घेऊन आले, नमुना म्हणून. मी ती उलटी केली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पट्ट्यांना एकेरी टीप, कोपऱ्यात धागा सुटलेला, आतल्या शिवणीला साधी पट्टीसुद्धा नाही. जाड कापडातून सुई गेली की भोक पडतं, त्या भोकातून पाणी शिरतं. आतून पट्टी चिकटवून भोकं बुजवावी लागतात, एवढी साधी गोष्ट. मी म्हटलं, "ही शिवलीय की टाचलीय? राहू द्या. मी शिवते."

बघा, मीच म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी यार्नच्या, म्हणजे सुताच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मापं लिहून दिली. लांबी एवढी, घेर एवढा, खाली चार पट्टे, त्यांची लांबी. मी आकडे पाहिले आणि कात्री उचलली. इथे माझी चूक झाली, आणि ती माझ्या धंद्यातल्या बाईलाच होऊ शकते. आम्हाला जॉबवर्क येतं ते चिठ्ठीवर. माप आलं की कापायचं, कापलं की शिवायचं. ही वस्तू कुठे बसणार, कोण वापरणार, विचारायचं नाही. सुरुवातीला मी एकदा एका शेठला विचारलं होतं, हे कव्हर कोणत्या सीटचं आहे म्हणून. तो म्हणाला, "जेटलुं कह्युं एटलुं करो ने, बेन." सांगितलं तेवढं कर. तेव्हापासून तेवढंच करत आले. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती. टेप घेऊन दोन जिने उतरायचे, मागच्या सीटवर टेप धरायचा. एवढं केलं असतं तर मला त्याच दिवशी कळलं असतं. नाही उतरले. पुठ्ठ्यावर आकडे होते ना!

पिशवी मात्र शिवली मन लावून. मोठं पोट नंतर, आधी अस्तरावर आतले कप्पे बसवावे लागतात, एकदा बंद केली की आत हात जात नाही. ह्यांच्या कागदांसाठी एक कप्पा केला, चार्जरसाठी एक. आणि एक लहान कप्पा केला चेनचा, वरच्या बाजूला, चटकन हाताला येईल असा. त्यात माझा कंगवा, टिकल्यांचं पाकीट, गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायच्या होत्या. त्या कप्प्याच्या कडेला मी लाल पायपिंग लावलं, बाकी सगळी पिशवी काळी असून. स्वतःसाठी बूटही आणले होते, कॅनव्हासचे, जन्मात पहिल्यांदा. शेजारणीला दाखवले. ती म्हणाली, "मज्जा आहे बाई तुझी." मी म्हटलं, हो, आहे मग!

निघायच्या आठ दिवस आधी, रविवारी दुपारी, पिशवी खाली नेली. तो पेटीवाला मित्रही होता. ह्यांनी पिशवी गाडीवर आडवी टाकली, पट्टे खाली ओढून घेतले. मागची अख्खी सीट झाकली गेली, एक बोटभरसुद्धा उरली नाही. हे पुढे बसले, पाठ टेकवून पाहिली, आणि म्हणाले, "एकदम फिट! टेकायलाही झालं."

मी तिथेच उभी. हातात उरलेला पट्टा होता, तो मी गुंडाळत राहिले. मग म्हटलं, "मी कोठे बसू मंग?"

मित्र हसला. "वहिनी, तुम्ही ट्रेनने या ना, आम्ही स्टेशनवर घ्यायला येऊ." त्याला वाटलं मी गंमत केली. हेही हसले. मलाही हसावं लागलं, कारण खाली सोसायटीची दोन माणसं उभी होती. ते हसू मला अजून आठवतं आणि स्वतःचीच किळस येते.

वर आल्यावर मी भांडले नाही. फक्त विचारलं. आणि हा माणूस खरोखर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "माले वाटनं तुले मालूम शे. माप तं तुनाच हातमा व्हतं."

माप माझ्याच हातात होतं! खोटं काय होतं त्यात? त्याने फसवलं असतं तर चार शिव्या तरी दिल्या असत्या. त्याच्या डोक्यात मी कधी त्या सीटवर नव्हतेच. सामान नसलं की मी मागे बसायचं आणि सामान आलं की उतरायचं, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. मग म्हणाला, तुझी कंबर आहे, गुडघा आहे, आठ दिवस तुला झेपलं नसतं. पुढच्या वेळी बघू. मित्रांपैकी कुणाचीच बायको येत नाहीये. ते मात्र खरं होतं. ज्याच्या गाडीला पेट्या होत्या त्याची मागची सीट साफ मोकळी होती, तरी तो एकटाच निघाला. म्हणजे पेट्या की पिशव्या हा प्रश्न कधी नव्हताच. दोन महिने मी उगाच चहा उकळत बसले.

तो लाल कप्पा उसवून टाकावा असं फार वाटलं. सुई हातात घेतली होती. पण वरच्या कडेला त्याची टीप बाहेरच्या कापडातूनही गेली होती. उसवलं की भोकं उरतात, आणि भोकं उरली की पाणी जातं. मी शिवलेल्या पिशवीत पाणी गेलं असं कुणी म्हणावं, हे मला सहन होणार नव्हतं. राग नवऱ्यावर होता, कामावर कसा काढू? कप्पा राहू दिला.

ते गेले. मी इथेच सुरतेत, भेस्तानच्या आमच्या घरात दिवाळी काढली. शेजारीण पणत्या लावताना विचारू लागली, अगं, तू इथे कशी? मी म्हटलं, कंबर धरली. लेकीने फोनवर विचारलं, तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, बरं झालं नाही गेलीस, पप्पांना तुझीच काळजी करत बसावं लागलं असतं." माझ्या पोटच्या पोरीने हे म्हणावं! मी फोन ठेवला आणि उभ्याउभ्याच रडले. एकटी होते, लाज कुणाची.

चौथ्या दिवशी ह्यांचा फोन आला, नुसते खुशीत. वाटेत अवेळी पाऊस लागला होता. बाकी दोघांच्या पिशव्या आतून ओल्या झाल्या, कपडे पिळून काढले. "आपल्या पिशवीत एक थेंब गेला नाही! सगळे तुझं नाव काढताहेत." मागे समुद्राचा आवाज येत होता. "आवाज येतोय का?" म्हणाले. येत होता. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि फोन बंद केला. दूधबीध काही नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी आले, काळे पडून. जेवले, झोपले. सकाळी मी पिशवी रिकामी केली, कपडे भिजत घातले. हे चहा पिता पिता यार्नच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन आले. त्यावर तीन मापं होती. तिन्ही मित्रांना अश्शीच पिशवी हवी होती, पेट्यावाल्यालाही, पेट्या आता त्याला जड वाटायला लागल्या होत्या. पुठ्ठा माझ्या मशीनवर ठेवून म्हणाले, "फक्त तो आतला लाल कप्पा करू नको. कशाला केला होतास? रस्ताभर तो रिकामाच होता, उगाच कापड जातं."

मी म्हटलं, "तो माझ्या सामानाचा होता."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मंग सांगाले पाहिजे व्हतं ना."

अठरा वर्षांपूर्वी 'आपन दोन्ही जाऊत' हे स्वतःच म्हणाले होते, आणि आता मीच सांगायला हवं होतं. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "तिघांना सांगा, आधी बायकोला वर पाठवा. मागच्या सीटचं माप मी तिला विचारून घेईन. मग शिवते."

ह्यांना वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. त्या तिघींपैकी एकीलाही कुणी वर पाठवलं नाही. पुठ्ठा मशीनच्या खणात आहे, धूळ बसलेला.

गेल्या महिन्यात ह्यांनी लोखंडी चौकट ठोकून गाडीला पेट्या लावून घेतल्या. मला न सांगता, म्हणजे मला आनंद व्हावा म्हणून. मग खाली बोलावून दाखवल्या. मोठी देखणी दिसते गाडी. मागची सीट पुसून लखलखीत केली होती. म्हणाले, बस, एक चक्कर मारू. मी हात लावून पाहिलं, कुलपं चांगली आहेत, तसं सांगितलं आणि वर आले.

त्याच दिवशी मला उधन्याला धागा आणायला जायचं होतं. हे म्हणाले, मी सोडतो. मी कॅनव्हासचे बूट घातले, लेस बांधली आणि रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले. ते मागून गाडी हळू चालवत येत होते. नाक्यापर्यंत आले. मागची सीट मोकळी होती. मी शेअर रिक्षात बसले.