डबा घासण्याचा प्रवेश

मुलगी नाटकात काम करते म्हणाली तेव्हा मी अडवलं नाही. एकोणीस वर्षांची होती. दिवसभर साड्यांचे धागे कापायची आणि संध्याकाळी गप्प बसायची. तिचा बाप पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये वाफेने भाजून मेला, त्याला दोन वर्षं झाली होती. बाहेर जाईल, चार माणसांत बोलेल, एवढंच मला हवं होतं.

नव्वदच्या नंतरची ही गोष्ट. आम्ही खानदेशातून येऊन सुरतच्या नवागामला राहत होतो. तालीम शाळेच्या एका वर्गात चालायची. शिकवणारा सुरतचाच, गुजराती. सगळे त्याला भाई म्हणायचे. लंडनला काकाकडे राहून तो नाटक शिकून आला होता. तिथले नट पूर्वी आवाज आणि उभं राहण्याची ढब यावरच काम भागवायचे, असं तो सांगे. मग रशियातल्या एका जुन्या नाट्यगुरूची विद्या तिकडे पोचली, आणि माणसाच्या आतून नाटक काढायला ते शिकले. ती विद्या आता नवागामला आली होती.

मुलीला काम होतं मेलेल्या कामगाराच्या बायकोचं. आमच्यात मयताच्या घरी भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. दारात पाय ठेवला की बाया तोंडावर पदर ओढतात आणि मेलेल्याचे गुण सांगत हेल काढून रडतात. पोरीला रडणं म्हणजे तेवढंच माहीत. ती तशी रडली.

"हे पाठ केलेलं रडणं झालं," भाई म्हणाला. "बापाचा दिवस आठव. तुझं स्वतःचं दुःख आण."

तिने आणलं. रोज आणायला लागली. तालमीत सगळे वाहवा करायचे आणि घरी ती भिंतीकडे तोंड करून पडायची. ताट पुढे केलं की म्हणायची, "माले भूक नही." गालफडं बसली. एक दिवस कामावर चक्कर येऊन पडली.

मी वर्गात गेले.

"भाई, हिचा बाप एकदा मेला. तुम्ही त्याला रोज मारता."

"माय, तू घर जाय," पोरगी म्हणाली.

"मासी, आम्हाला लंडनमध्ये असंच शिकवलं."

"लंडनच्या पोरी जेवतात का?"

मागे कोणी तरी हसलं. भाई हसला नाही. खुर्ची ओढून त्याने मला बसवलं. म्हणाला, तिकडेही यावरून भांडणं व्हायची. एका पोरीची तब्येत बिघडली होती. आणि त्या रशियन म्हाताऱ्याने स्वतःच पुढे सांगितलं होतं, की दुःख पिळून काढू नका. माणूस त्या वेळी हातांनी काय करतो ते करा, बाकीचं मागून येईल.

"मग हे आधी का नाही शिकवलं?"

"मला पहिलंच जास्त आवडलं होतं," तो म्हणाला. मग मुलीकडे वळला. "आजपासून रडायचं नाही. त्या घरात कोण काय काम करत होतं, तेवढं कर."

ती म्हणाली, "एक डबा लागेल."

मला तिने काही सांगितलं नाही. पण तालमीहून येऊन ती भाकरी मागायला लागली. अर्धीच खायची.

नाटक चौकात झालं. बाया पुढे बसलेल्या. नवरा मेल्याची बातमी आली तसे दोघी-तिघींनी पदर ओढले, रडायला तयार झाल्या. पोरगी रडली नाही. मिलमधून परत आलेला डबा तिने उघडला. भरलेला होता. भाकरी काढून बाजूला ठेवली, राख घेतली आणि डबा घासायला बसली. झाकण, मग कडी, मग बूड. स्वच्छ झाला तरी घासत राहिली. बायांचे पदर तसेच हातात राहिले.

हिचा बाप गेला त्या दिवशी मी हेच केलं होतं. घर बायांनी भरलं होतं आणि मी मोरीत बसून त्याचा डबा घासत होते. कोणी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, "तू पाहत होतीस?"

"बायांची गर्दी होती," ती म्हणाली. "नुसता तुना हात दिखनात."

मी चूल पेटवली. ती दोन भाकरी जेवली आणि तिसरी मागितली.