मिटलेली मूठ

भाताचं बी पेरण्याआधी शेताच्या एका तुकड्यावर फांद्या-पाचोळा पसरून जमीन भाजायची, याला आमच्या किन्हवलीकडे राब म्हणतात. मी लहान असताना या राबासाठीच ऐनाच्या फांद्या तोडताना बाबांच्या मनगटावर कोयता बसला. जखम चिघळली आणि कल्याणच्या दवाखान्यात हात कोपराखाली कापावा लागला. माझी आय मोठी खमकी. तो कापलेला हात तिने हट्टाने मागून घेतला, फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि राबाच्या तुकड्यात पुरला. "यांचा हात परक्या गावात कशाला टाकू?" म्हणाली.

पण नसलेला हात दुखायचा. "मूठ आवळलेय गो, नखं रुततात," म्हणत बाबा कळवळायचे. मला राग यायचा. कुठली मूठ आणि कुठली नखं!

वैशाखात राब भाजायची वेळ आली, तर आय आडवी आली.

"इथं आग लावायची नाय."

"येडी का काय तू? तो हात मातीत गेला. त्याला काय कळतंय?"

"मग रोज दुखतो तो कुनाचा?"

बाबांनी काडेपेटी कनवटीला खोचली. मला त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही, आणि आता म्हातारपणाने माझे दात पडले. त्या वर्षी राब वरच्या खडकाळ तुकड्यात भाजला. रोपं खुरटी आली, गावभर आमचं हसं झालं. आयने कुणाला भीक घातली नाही.

रोज संध्याकाळी ती खुरासणीचं तेल कोमट करून बाबांसमोर बसायची. थोटक्या हाताला तेल चोळायची आणि मग त्याच्या पुढच्या हवेत एकेक बोट सरळ करायची. अंगठा शेवटी.

"सुटली?"

"सुटली," बाबा म्हणायचे, आणि खरंच त्यांचा चेहरा सैल पडायचा. काय जादू होती देव जाणे! बघताना माझाच जीव निवायचा.

पुढे आय तापाने गेली. तिचं बारावं उरकलं त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते, थोटका हात पुढे धरून. दुखत असणार, म्हणून मी तेल कोमट करून नेलं. आयसारखीच बोटं सोडवायला मी हवेत हात घातला.

"राहू दे, बाय," बाबा म्हणाले. "नको सोडवू. तुझ्या आयचा हात हाय त्यात."