वॉल्टरचं तपकिरी प्रवाळ

नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांत समुद्र पाळणारा माणूस एकच होता, वॉल्टर. वालीवच्या एका कारखान्यात तो ट्यूबलाइटच्या पट्ट्या जोडायचा आणि घरी आला की खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचा. टाकीत शेपटीला कातरा पडलेला एक नारिंगी मासा आणि मुंबईहून आणलेलं जांभळं प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. गाव त्याला हसायचं. अर्नाळ्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि हा पठ्ठ्या टाकीसाठी मीठही मुंबईहून विकत आणतो!

नाटकाचे दौरे संपवून मी १९९८ च्या सुमारास त्याच्या शेजारी राहायला आलो. संध्याकाळी पडदा वर जावा तशी ती टाकी उजळायची आणि मी पुढच्या रांगेत हजर. जन्मभर लोकांनी मला पाहिलं, आता पाहायची पाळी माझी होती.

पण त्या पावसाळ्यात आमची नायिका काळवंडली. जांभळं प्रवाळ हळूहळू तंबाखूच्या पानासारखं तपकिरी झालं. वॉल्टरच्या बायकोला, रोझलिनला, हे बरंच वाटलं असावं. टाकी उभी होती तो कोपरा नाताळच्या गोठ्याचा, येशूजन्माच्या देखाव्याचा. टाकीपायी गेल्या वर्षी तिला गोठा ओटीवर मांडावा लागला होता, आणि मातीच्या मेंढरांत खरी कोंबडी येऊन बसली होती. ती म्हणाली, दिवाळीनंतर उर्सुला मावशी येतेय, तिला जर हे बघण्यासारखं वाटलं तर राहू दे. नाहीतर टाकी मागच्या पडवीत. पडवीत दुपारभर ऊन. तिथे पाणी तापलं की प्रवाळ मेलंच, हे वॉल्टरला ठाऊक होतं.

हाताशी ट्यूबा असलेला माणूस काय करणार? त्याने उजेड वाढवला. प्रवाळाने अंग चोरलं आणि मधूनमधून पांढरं पडलं. आता ते पोपडे निघालेल्या भिंतीसारखं दिसू लागलं. तेव्हा मी माझी नाटकाची ट्रंक उघडली. निळ्या जिलेटिन कागदाने मी भर दुपारच्या प्रयोगात चांदणं पाडलेलं आहे; एका प्रवाळाची काय कथा? आम्ही ट्यूबांना निळा कागद गुंडाळला. डागबिग सगळे बुडाले आणि प्रवाळ जांभळं लखलखलं. वॉल्टरने माझा हात हातात घेऊन दाबला.

रविवारी मावशी आली. निवृत्त शाळामास्तरीण, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती टाकीसमोर बसली, वाकली, चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर," ती म्हणाली. वॉल्टरने मला डोळा मारला. "पण वॉल्टर, तुझा तो नारिंगी मासा कुठाय? हा काळा कोण?"

निळ्या उजेडात नारिंगी रंग काळा दिसतो. ज्याच्या नाटकातल्या राजाचा भगवा फेटा निळ्या रात्रीत काळाठिक्कर पडला होता, त्या माणसाला तरी हे आठवायला हवं होतं. मी सावरायला गेलो, म्हटलं मावशी, हा पाहुणा आहे, दोन दिवसांसाठी आलाय.

"पाहुण्याच्या शेपटीलाही तोच कातरा?" म्हणत तिने परीक्षेत कॉपीची चिठ्ठी ओढावी तसा कागद ओढून काढला. मासा नारिंगी झाला, प्रवाळ तपकिरी.

मग तिने विचारलं, टाकीतलं पाणी उडून कमी झालं की कुठलं घालतोस? वॉल्टरची छाती फुगली. कुठलं म्हणजे? आमच्या विहिरीचं! आजोबांनी खोदलेली विहीर, गावात असं गोड पाणी नाही.

मावशीने खिडकीतून बाहेर पाहिलं. विहिरीला केळींचा वेढा, प्रत्येकीच्या बुंध्याशी शेण आणि पेंड.

"केळींना एवढं खत घालतोस, ते पावसात कुठे जातं?"

"जमिनीत."

"आणि तुझी विहीर कशात आहे?"

वॉल्टर टाकीची काच पुसू लागला. मुंबईच्या दुकानदाराने हेच त्याला आधी सांगितलं होतं, असं मागाहून कळलं: खताच्या पाण्याने प्रवाळाच्या पोटातलं तपकिरी शेवाळ माजतं आणि खरा रंग त्याखाली गडप होतो, उजेडही बेताचाच हवा. पण नंदाखालच्या माणसाला एकवेळ त्याचं जेवण बेचव म्हणा, विहिरीला नाव ठेवायचं नाही. वॉल्टर त्या दुकानदाराशी भांडून आला होता.

मावशीने नाताळापर्यंत मुदत दिली. वॉल्टर वालीवहून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे कॅन स्कूटरवर आणू लागला. विहिरीची अब्रू जायला नको, म्हणून कोणी विचारलं तर स्कूटरच्या बॅटरीसाठी म्हणायचा. एक म्हातारा म्हणाला, "स्कूटर आहे का म्हैस? एवढं पिते?" मग मीच पुढाकार घेऊन गावभर सांगितलं की वॉल्टर इन्व्हर्टरचा जोडधंदा काढतोय. शेजारधर्म म्हणून केलं. पण दोन घरांतून मागणी आली, आणि वॉल्टर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पुन्हा निळा कागद गुंडाळायचा नाही, अशी मला मावशीची ताकीद मिळालीच होती. ट्यूबा कमी झाल्या, एक पांढरी, एक खरीखुरी निळी, तीही ठरलेल्या वेळीच. डिसेंबरात प्रवाळाच्या कडेला जांभळी किनार उमटली. मधला भाग अजून चहाच्या रंगाचा होता.

नाताळच्या आदल्या सकाळी रोझलिन पेंढा आणि मातीच्या मूर्ती घेऊन कोपऱ्याशी आली. वॉल्टर दोन्ही हात पसरून टाकीसमोर उभा. तिने त्याला कोपराने बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसली आणि ती किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मासा तिच्या नाकासमोर येऊन थांबला.

"अर्धा कोपरा माझा," ती म्हणाली. "आणि प्रार्थनेच्या वेळी तुझा तो निळा दिवा बंद. त्यात गोठ्यातला योसेफ आजारी दिसतो."

ती टाकीला टेकवून पेंढा पसरू लागली. प्रार्थनेला अजून अख्खा दिवस होता, तरी वॉल्टरने लगेच बटण बंद केलं.