बबनची शेवटची तारीख

"म्हंजे आता तारखेला यायचंच न्हाई?" बबननं विचारलं.

"एकदाच या. मग कायमचे सुटलात," मी थाटात म्हणाले.

त्यानं नुसती मान हलवली. मला वाटलं, आनंद झाला असेल.

बबन माझा पाथर्डीतला अशील, ऊसतोड कामगार. मुलगा ओंकार चार वर्षांचा असताना नवरा-बायको वेगळे झाले आणि कोर्टानं मुलाला पोटगी ठरवून दिली. पोटगी म्हणजे मुलाच्या खर्चासाठी दरमहा द्यायची रक्कम. पण बबन सहा महिने कारखान्यावर. म्हणून दोघांच्या संमतीनं ठरलं, की हंगाम संपला की त्यानं कोर्टात हजर राहून वर्षाची पोटगी एकदम द्यायची. बायको ओंकारला घेऊन यायची. चौदा वर्षं त्याची एकही तारीख चुकली नाही.

गेल्या साली ओंकार अठराचा झाला. पोटगीचा हुकूम आपोआप थांबत नाही, अर्ज करून रद्द करून घ्यावा लागतो. हे बबनच्या आधी माझ्या लक्षात आलं, याचा मला कोण अभिमान! जन्मदाखला जोडून मीच अर्ज तयार केला, वाचून दाखवला, सही घेतली. तुम्हाला काय हवंय, एवढं मात्र विचारलं नाही.

तारखेला ओंकार एकटाच आला. सज्ञान झाल्यावर आईची गरज नव्हती.

"तुमची काही हरकत?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"न्हाई," ओंकार म्हणाला. दोन मिनिटांत हुकूम रद्द.

बाहेर येऊन बघते तर ओंकार मोटरसायकलला किक मारून निघूनही गेला होता. बबन व्हरांड्यात खिडकीपाशी उभा.

"मॅडम, पैल्या साली ह्या बाकाएवढा हुता. मंग खिडकीला लागला. आज माझ्यापेक्षा उंच हाय." मग हळूच म्हणाला, "अर्ज माघारी घेता येतो का? मी देतो की पैसं दर साली. त्याला तेवढं बोलवा."

मला स्वतःचाच राग आला. पोटगीच्या निमित्तानं हा माणूस पोराला डोळे भरून बघून जात होता. ती वाट मीच बंद केली होती. सज्ञान मुलानं बापाला भेटावं, असा हुकूम कुठलंच कोर्ट देत नाही.

आता पोटगी बंद करायला कुणी बाप आला, की जन्मदाखल्याच्या आधी मी विचारते, "पोर एरवी भेटतं का?" तीस वर्षांच्या वकिलीनंतर सुचलेलं शहाणपण. वरातीमागून घोडं.

परवा हंगाम संपवून बबन परत कोर्टात आला. केस नाही, तारीख नाही, तरी त्याच बाकावर बसला होता. मी फाइलमधून नंबर काढून ओंकारला फोन लावला. "बगतो," एवढंच म्हणाला.

बबनला तेच सांगितलं.

"बगतो म्हनला?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या जागेवर ठेवली. "मंग बसतो की."