जोडाघरातली करकरणारी वहाण

माझ्या बहुतेक तपासांचा विषय निघाला की मी तो बदलतो. हा एक मात्र कोणी न विचारताही सांगत सुटतो.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यात, खंडाळ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. महामार्गालगत ट्रकच्या धंद्यातल्या शीख कुटुंबांनी बांधलेला छोटा गुरुद्वारा होता. तिथल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाला शीख धर्माची एक वाहिनी आली होती. जाहिराती नाहीत, सगळा कारभार प्रेक्षकांच्या देणग्यांवर. पहिल्याच दुपारी त्यांचा एकुलता एक कॅमेरा नाहीसा झाला.

ठाण्यात आले ते तिथले गॅरेजवाले सरदारजी. दुसऱ्या सकाळी वाहिनीवर त्यांचं कीर्तन होतं. "आई तिकडं लुधियान्यात अंथरुणाला खिळलीय, साहेब," ते म्हणाले. "लय वर्षं झाली, मला गाताना बघितलं न्हाई तिनं."

फिर्याद द्यायला मात्र ते तयार होईनात. लंगरात, गुरुद्वाऱ्याच्या पंगतीला जेवून गेलेल्याला चोर कसं म्हणायचं? शेवटी अर्ज झाला तो कॅमेरा 'गहाळ' झाल्याचा. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या हद्दीत कोंबडी हरवली तरी लोक चार शेजाऱ्यांची नावं देत.

मी डोक्याला रुमाल बांधून तिथे गेलो. जोडाघरात, म्हणजे जिथे येणाऱ्यांची पादत्राणं सांभाळतात तिथे, एक वृद्ध सरदारजी सेवेला होते. खबर त्यांनीच दिली. जेवणं होऊन पांगापांग झाली तरी एक जोड पडून होता. कोल्हापुरी, करकरणारा, भारी किमतीचा. म्हणजे मालक स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने अनवाणीच गेला होता. अशी वहाण कोणी सोडून देत नाही, म्हणून मी तिथेच बसलो. बसलाच आहात तर, म्हणून आजोबांनी माझ्या हातात जोडे पुसायचं फडकं दिलं.

दिवस कलताना एकजण तो जोड मागायला आला. आमच्या भागातले पुढारी भाऊसाहेब, त्यांचा कार्यकर्ता. प्रत्येक सत्कारात हार धरून उभा असायचा. त्याची वहाण मी पुसत होतो. ती पुढे करून मी एवढंच विचारलं, की मागच्या दाराने का गेलास?

तो वहाण न घेताच सांगायला लागला. दुपारी भाऊसाहेब सत्काराच्या अपेक्षेने आले होते. तिथे ना खुर्ची, ना हार. सगळ्यांबरोबर जमिनीवर पंगतीत. बसले कसेबसे, पण उठता येईना.

"आवं साहेब, रुतलेली बैलगाडी काढावी तसं काढलं त्यास्नी. आन् कॅमेरा बराबर म्होरं. निवडणूक तोंडावर आलीय. ते चित्र पुसायचं हुतं, बास."

कॅमेरा जीपमध्ये, भाऊसाहेबांच्याच फ्लेक्सखाली दडवला होता. भाऊसाहेबांना पत्ता नव्हता.

गॅरेजवाले सरदारजी मागे उभे राहून ऐकत होते. "गड्या, ते थेट चालू हुतं," ते म्हणाले. "समद्यांनी कवाच बघितलं."

गावातले कार्यक्रम आमची केबल चार दिवसांनी, काटछाट करून दाखवते. हाही तसलाच मामला, असं त्या बिचाऱ्याने धरलं होतं. सरदारजींच्या आईचा तर दुपारीच फोन आला होता. तिला एकच काळजी: ते उठता न येणारे गृहस्थ कोण, आणि गुडघ्याला तेल लावतात का?

त्याने कॅमेरा स्वतः आणून जागेवर ठेवला. अर्जावर 'मिळून आला' असा शेरा पडला. आजोबांनी त्याला आधी जेवायला बसवलं, मग वहाणा दिल्या. सकाळी कीर्तन झालं. सरदारजी पहिल्या ओळीला थोडे चाचरले, मग गायले. आईने सगळं पाहिलं.

भूक, हाव, सूड, चोरीची अशी कारणं मला नोकरीने शिकवली होती. आपला पुढारी चारचौघांसारखा दिसेल ही भीती त्यात नव्हती. ती मी त्या दिवशी शिकलो. आणि ज्यांच्या देणग्यांवर तो कॅमेरा चालत होता, त्यांच्यापैकी कोणालाही त्यात दिसायचं नव्हतं, हेही पाहिलं.

काही दिवसांनी लुधियान्याहून एका ट्रकबरोबर आईने तेलाची बाटली पाठवली. ती पोचवायला मी स्वतः भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी ती घेतली, खुर्चीवरून न उठता.